विषाला औषध म्हणायचे कुठवर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतल्या विहारात महिला मंडळाची रविवारची बैठक होती. विषय होता लहान मुलांचा आहार. अंगणवाडीच्या ताईंनी पालेभाज्यांचे महत्त्व चांगल्या रीतीने समजावून सांगितले. त्यांचे बोलणे संपले आणि मागच्या रांगेतून एक मावशी उभ्या राहिल्या. या मावशी गेली कित्येक वर्षे टेम्पोत बसून टोमॅटोच्या खुडणीला जातात. त्या म्हणाल्या, "ताई, पालक खा, मेथी खा, हे पटलं. पण मी रोज डोळ्यानं बघते. आज औषध मारलं का उद्या तोडा, आन् परवा माल बाजारात. मग मी नातवाला पालक खाऊ घालते का औषध?"

सभेत हशा पिकला आणि तितक्याच लवकर विरला. कारण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ताईंनी आमच्याकडे पाहिले. एक भगिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही वाचता, लिहिता. तुम्हीच सांगा." खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे, नोकरी कारकुनाची. पण फायली वाचण्याची सवय आहे आणि माणसांना विचारायची लाज नाही. पुढच्या काही महिन्यांत सरकारी अहवाल वाचले, कृषी पदवी घेतलेल्या वस्तीतल्या तरुणांना विचारले, शेतावर राबणाऱ्या नातलगांशी बोललो. त्यातून जे हाती लागले ते सर्व कुटुंबांपुढे ठेवावे, यासाठी हा लेख.

औषध नव्हे, विष

आपल्या भाषेत एक गंमत आहे. पिकावर कीटकनाशक फवारले की आपण 'औषध मारले' म्हणतो. दुकान 'औषधांचे', बाटली 'औषधाची'. तापात मुलाला देतो तेही औषध आणि अळी मारायला फवारतो तेही औषध! शब्द सारखा असल्यामुळे मनातली भीती मेली. बाटलीवर मात्र कायद्याने वेगळेच छापलेले असते. प्रत्येक बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी आणि हाडांचे चित्र. पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्यामानाने कमी. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही रंग कळावा म्हणून ही सोय आहे. पण हिरवा त्रिकोण म्हणजे पिण्याचे पाणी नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

या विषांचा इतिहास फार जुना नाही. डीडीटीचा कीटक मारण्याचा गुण १९३९ साली पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने शोधला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाच्या डासांविरुद्ध डीडीटीने मोठे काम केले, हे खरेच. पण पुढे तेच डीडीटी पक्ष्यांच्या, माशांच्या आणि माणसांच्या शरीरात साठत चालल्याचे दिसले. रेचल कार्सन या अमेरिकन लेखिकेने १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक लिहून जगाला जागे केले. आपल्याकडे शेतीसाठी डीडीटी वापरण्यावर १९८९ साली बंदी आली. आणि भोपाळ कोण विसरेल? डिसेंबर १९८४ मध्ये ज्या कारखान्यातून वायू सुटून हजारो माणसे मेली, तो कारखाना कीटकनाशकाचाच होता. सुटलेला वायू हा त्या कीटकनाशकाचा कच्चा माल होता. तेव्हाही मेले ते प्रामुख्याने कारखान्याच्या भिंतीलगतच्या झोपड्यांतले गरीब.

अंश म्हणजे काय?

फवारलेल्या विषाचा जो भाग काढणीच्या वेळी भाजीवर किंवा भाजीत शिल्लक राहतो, त्याला 'अंश' म्हणतात. ऊन, वारा, पाऊस आणि रोपाची वाढ यांनी हा अंश दिवसागणिक कमी होतो. किती अंश चालू शकेल याची मर्यादा सरकार ठरवते. मर्यादा एक किलो भाजीत किती मिलिग्रॅम विष अशी मोजतात. ज्या विषासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे भाजीला सर्वसाधारण दंडक आहे किलोला ०.०१ मिलिग्रॅम. आम्ही हिशेब मांडून पाहिला. हे प्रमाण म्हणजे १०० टन भाजीत फक्त १ ग्रॅम! दहा टनांचे दहा ट्रक भाजी आणि त्यात चिमूटभर विष. इतके थोडेही आजच्या यंत्रांना सापडते.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. अंश सापडला म्हणजे खाणारा लगेच आजारी पडला, असे नाही. मर्यादा ठरवताना प्राण्यांवर ज्या मात्रेचा काही परिणाम दिसत नाही, ती मात्रा साधारणपणे शंभराने भागून माणसाला रोज किती चालेल ते काढतात. पण याचा अर्थ निर्धास्त राहावे, असाही नाही. एका जेवणात एकच भाजी नसते आणि एका भाजीवर एकच विष नसते. शिवाय लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त खाते आणि त्याचे शरीर अजून घडत असते.

केंद्रीय कृषी मंत्रालय २००५-०६ पासून देशभर भाज्या, फळे, धान्य, दूध यांचे नमुने तपासते. २०१४-१५ साली २० हजार ६१८ नमुने तपासले गेले. त्यांतल्या १८.७ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. मर्यादेपेक्षा जास्त अंश ५४३ नमुन्यांत म्हणजे २.६ टक्क्यांत होते. आकडा लहान वाटेल. पण त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट आम्हास अधिक बोलकी वाटली. १२.५ टक्के नमुन्यांत अशी कीटकनाशके होती की, ज्यांना त्या पिकावर परवानगीच नव्हती. कापसाचे विष भेंडीवर, द्राक्षाचे वांग्यावर, असा हा प्रकार आहे.

तोड्याचे गणित

हे असे का होते? शेतकरी दुष्ट आहे म्हणून नव्हे. आपल्यातलेही कितीतरी जण दोन-चार पांड जमीन करतात, दुसऱ्याची वाट्याने करतात. त्यांची अडचण समजून घेतली पाहिजे.

प्रत्येक कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावर, फवारणीनंतर किती दिवस थांबून मग माल काढायचा, हे लिहिलेले असते. कुठे एक दिवस, कुठे तीन, कुठे सात, कुठे त्याहून जास्त. आता भेंडीचे पाहा. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक तोडा चुकला की भेंडी जून होते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही. सात दिवस थांबायचे विष मारले तर तीन तोडे फेकावे लागतील. ज्याने बियाणे, खत आणि औषध उधारीवर आणले आहे, तो तीन तोडे कसे फेकील? वांग्याला शेंडे आणि फळे पोखरणारी अळी लागते. ती एकदा फळात शिरली की वरून मारलेले विष तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधीच, पुन्हा पुन्हा फवारतात. आणि किडके वांगे गिऱ्हाईक घेत नाही. म्हणजे या साखळीत आपणही आहोत. चकचकीत, एकही डाग नसलेली भाजी आपणच निवडून घेतो ना?

दुसरी अडचण सल्ल्याची. कोणत्या किडीला काय मारायचे हे शेतकऱ्याला बहुतेक वेळा दुकानदारच सांगतो. जो विष विकतो तोच वैद्य! मग एका पंपात दोन-तीन औषधे मिसळली जातात. हळूहळू कीड त्या विषाला सरावते, मग मात्रा वाढते, नाहीतर आणखी जहाल विष येते.

विषाच्याही जाती आहेत. काही विषे पानाफळावर वरच्यावर राहतात, त्यांना स्पर्शजन्य म्हणतात. ती धुण्याने बरीच निघतात. काही विषे रोपाच्या रसात मिसळून मुळापासून शेंड्यापर्यंत फिरतात, त्यांना आंतरप्रवाही म्हणतात. इमिडाक्लोप्रिड, ॲसिफेट ही त्यांतली नावे. ती भाजीच्या आतच असल्यामुळे कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाहीत. यासाठीच खरा उपाय शेतावर आहे. स्वयंपाकघराचा उपाय त्यानंतरचा.

प्लॅस्टिकच्या छपराखाली

अलीकडे नाशिक, पुणे या बाजूंना पॉलिहाऊस आणि शेडनेट पुष्कळ झाले आहेत. लाल-पिवळी ढोबळी मिरची, परदेशी काकडी ही आतली पिके. शहरातल्या मोठ्या दुकानात ही भाजी वेष्टनात बांधलेली असते. लोकांना वाटते, बंद घरातली भाजी म्हणजे स्वच्छ भाजी. तर काहींना वाटते, ती सगळी रसायनांवरच वाढवलेली. दोन्ही समज अर्धवट आहेत.

उघड्या रानात पाऊस भाजी धुतो आणि सूर्यकिरण विषाचे विघटन करतात. पॉलिहाऊसवरचे प्लॅस्टिक पाऊस अडवते आणि सूर्याचे अतिनील किरणही बरेचसे अडवते. त्यामुळे आत मारलेले विष पानाफळावर जास्त दिवस टिकू शकते. शिवाय आतली ऊब आणि दमट हवा फुलकिडे, पांढरी माशी, कोळी यांना मानवते. मिरचीचे तोडे तर महिनोन्महिने चालतात. ही झाली वाईट बाजू. चांगली बाजू अशी की, बंद जागेत बारीक जाळी लावून कीड बाहेरच थोपवता येते. पिवळे-निळे चिकट सापळे लावता येतात. आणि किडीला खाणारे मित्रकीटक सोडले तर ते उडून दुसरीकडे जात नाहीत.

हे नुसते पुस्तकी बोलणे नाही. स्पेन देशात आल्मेरिया नावाचा भाग आहे. तिथे तीस हजार हेक्टरांहून अधिक जमीन प्लॅस्टिकच्या छपराखाली आहे आणि तिथली भाजी सगळ्या युरोपला जाते. डिसेंबर २००६ मध्ये जर्मनीतल्या प्रयोगशाळेला तिथल्या ढोबळी मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल हे परवानगी नसलेले विष सापडले. मोठमोठ्या दुकानांनी माल घेताना हात आखडता घेतला. बाजार जाणार म्हटल्यावर शेतकऱ्यांनी मार्ग बदलला. फुलकिड्यांना खाणारा ओरियस नावाचा ढेकण्या आणि पांढऱ्या माशीची अंडी खाणारे कोळी त्यांनी मिरचीत सोडले. काही वर्षांतच तिथली बहुतेक मिरची या पद्धतीने पिकू लागली. फवारे कमी झाले, माल मात्र बंद झाला नाही. तात्पर्य काय? घेणाऱ्याने विचारले, तपासणाऱ्याने तपासले, की पिकवणारा बदलतो.

पंप कोणाच्या पाठीवर?

भाजीतल्या अंशाची काळजी शहरात वाढते आहे, ते बरेच आहे. पण त्या अंशाच्या कित्येक पट विष ज्याच्या अंगावर, श्वासात आणि डोळ्यांत जाते, त्या फवारणाऱ्याची आठवण कोणाला होते? पाठीवर पंप कोणाच्या असतो? बहुतेक वेळा ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या. म्हणजे आपल्याच माणसांच्या.

आमच्या चुलत बहिणीचा मुलगा बारावीनंतर घरी बसून होता. दोन वर्षांपूर्वी आम्हीच ओळखीने त्याला एका पॉलिहाऊसवर लावून दिले. सावलीतले काम, रोज बरा, असे आम्हास वाटले. एकदा घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, आत औषध मारलं का वास दोन दोन दिवस जात नाही. डोकं धरतं." आम्ही म्हणालो, "सवय होईल." हे आमचे शब्द आजही आम्हास टोचतात.

पुढे एका दुपारी, फवारणी करून काही वेळच झालेला असताना, त्याला पुन्हा आत पाठवले. मालाची गाडी यायची होती. तो तिथेच घेरी येऊन पडला. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. मालक म्हणाले, उन्हामुळे झाले असेल. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणते औषध होते?" कोणालाच नाव सांगता येईना. बाटली आणायला मोटारसायकलवर माणूस परत पाठवावा लागला. त्यात दोन तास गेले. मुलगा वाचला. चार दिवसांनी घरी आला. पण त्या दोन तासांत दवाखान्याच्या पायरीवर बसून आमच्या बहिणीने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आम्ही विसरू शकत नाही. ती एक शब्दही बोलली नाही.

आमचा भाचा वाचला, पण सगळेच वाचत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कापूस डोक्याच्या वर वाढलेला, हवा दमट, तोंडाला बांधायला फक्त रुमाल. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी जुलै २०१३ मध्ये शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. हेच ते विष की, जे भाजीवर वापरायला आपल्या देशात २००५ सालीच मनाई झाली होती. भाजीवर मनाई, पण दुकानात मिळत होते!

द्राक्षाला प्रयोगशाळा, भाजीला काय?

आमच्या नाशिक जिल्ह्याची द्राक्षे युरोपात जातात. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडले आणि मोठी धावपळ उडाली. मग काय झाले पाहा. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होऊ लागली. कोणती फवारणी कधी केली याची वही ठेवणे आले. काढणीपूर्वी बागेतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासणे आले. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्यासाठी राष्ट्रीय पातळीची प्रयोगशाळा आहे. २००६ पासून तर द्राक्षाची पेटी कोणत्या बागेतली, हे संगणकावर शोधता येऊ लागले.

यासाठी आम्ही शासनाचे आणि बागायतदारांचे कौतुकच करतो. पण मनात विचार येतो. त्याच बागेत दिवसभर राबून संध्याकाळी परतणारी आपली भगिनी वाटेवरच्या बाजारातून पावशेर भेंडी आणि मेथीची जुडी घेते. त्या भेंडीची वही कोणी ठेवली आहे? त्या मेथीचा नमुना कोणी घेतला आहे? परदेशातल्या मुलाने खायचे द्राक्ष तपासून जाते आणि ते खुडणाऱ्या बाईच्या मुलाची भाजी न तपासता येते. तपासण्याची विद्या आपल्याकडे आहे, यंत्रे आहेत, माणसेही आहेत. मग उणीव कशाची, ते सुज्ञास सांगणे न लगे.

घरात काय करावे?

भगिनींनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यात खर्च जवळजवळ काही नाही.

१) भाजी खाणे सोडू नये. भाजीअभावी होणारे रक्तक्षय आणि आजार आपल्या घरांत आधीच पुष्कळ आहेत. विषाच्या भीतीने मुलाला भाजीऐवजी बिस्किटे देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

२) भाजी चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर नव्हे. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून दोन-तीनदा धुवावी. नळाला धार नसेल तर तांब्याने वरून पाणी ओतून धुवावी.

३) एक लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम म्हणजे चहाचे तीन-चार चमचे मीठ घालून त्यात भाजी १० ते १५ मिनिटे ठेवावी. नंतर साध्या पाण्याने धुवावी. खाण्याचा सोडाही उपयोगी आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग करून दाखवले की, सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यास वरचे विष चांगले निघते. मात्र सालीच्या आत मुरलेले निघत नाही. धुण्याची पावडर किंवा साबण भाजीला कदापि लावू नये.

४) कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मिठाच्या पाण्यात ठेवावेत. दुधी, काकडी, गाजर यांची साल काढावी. टोमॅटो, मिरची, कोथिंबीर कच्ची खातो, म्हणून ती जास्त काळजीने धुवावी.

५) हंगामातली भाजी घ्यावी. बिगरहंगामी पिकाला कीड जास्त छळते आणि फवारेही जास्त बसतात. रोज एकच भाजी न करता आलटून पालटून करावी, म्हणजे एकच विष पुन्हा पुन्हा पोटात जाणार नाही.

६) किडकी भाजी म्हणजे बिनविषारी, हा समज बरोबर नाही. कीड पडल्यावरच तर फवारतात! तरी एखादा डाग, एखादे भोक दिसले म्हणून भाजी नाकारू नये.

७) जागा थोडी असली तरी तेलाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता, कोथिंबीर, मेथी होते. वस्तीच्या मोकळ्या जागेत शेवग्याचे एक झाड असले तर पाल्याची आणि शेंगांची सोय होते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली या रानभाज्या आपल्या आया-आज्या करीत. त्या पुन्हा कराव्यात. मात्र फवारलेल्या बागेच्या बांधावरून खुडू नयेत.

फवारणीला जाणाऱ्यांनी

ज्यांच्या घरातले कोणी फवारणीला, खुडणीला जाते त्यांनी हा भाग मोठ्याने वाचून दाखवावा. बाटलीवरचे नाव आणि रंग पाहिल्याशिवाय पंप उचलू नये. मोबाईलमध्ये बाटलीचा फोटो काढून ठेवावा. आमच्या भाच्याचे दोन तास त्यामुळे वाचले असते. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये. फवारताना तंबाखू, बिडी, चहा काही नको. उपाशीपोटी काम करू नये. पॉलिहाऊसमध्ये फवारणीनंतर हवा खेळवून, माहितीपत्रकावर सांगितलेला वेळ गेल्यावरच आत जावे.

घरी आल्यावर आधी साबणाने आंघोळ करावी, मग मुलाला जवळ घ्यावे. ते कपडे घरातल्या इतर कपड्यांत मिसळू नयेत. ते धुणारी घरची बाईच असते आणि तिच्या हातालाही ते विष लागते, म्हणून तिनेही हातमोजे घालावेत. रिकामे डबे-बाटल्या पाण्याला, तेलाला, धान्याला कदापि वापरू नयेत. त्यांना भोके पाडून निकामी करावे.

तोंडाला लाळ, फार घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, स्नायू उडणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसली तर रोग्याला मोकळ्या हवेत आणावे. भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि बाटलीसह तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. यांतल्या पुष्कळ विषांवर ॲट्रोपिनसारखे उतारे आहेत. ते वेळेत मिळाले पाहिजेत, एवढेच.

कायदा आपल्या बाजूने आहे

कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आणि त्याचे नियम १९७१ सालचे आहेत. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे, प्रथमोपचार आणि वैद्यकीय तपासणी यांची तरतूद त्या नियमांत आहे. म्हणजे हातमोजे मागणे ही भीक नव्हे, तो हक्क आहे. एकट्याने मागितले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. टेम्पोतल्या सर्वांनी मिळून मागितले तर विचार करावा लागेल.

खाणाऱ्यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला फी भरून अन्नाचा नमुना तपासून घेता येतो. मात्र तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. नमुना दोषी निघाला तर फी परत मिळते. परंतु आम्ही आवर्जून सांगतो, हातगाडीवरच्या मावशीला पकडून देणे हा आपला हेतू नाही. तीही आपलीच. तिला ती जुडी कोणत्या शेतातली, हेही माहीत नसते. मोठ्या बाजारात, जिथे माल गाड्यांनी उतरतो, तिथे नमुने नियमित घेतले गेले पाहिजेत आणि निकाल जाहीर झाले पाहिजेत.

त्यासाठी २००५ सालचा माहिती अधिकार कायदा आपल्या हाती आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. आमच्या महिला मंडळाने तीन प्रश्न काढले आहेत. गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्यात भाज्यांचे किती नमुने कीटकनाशकांच्या अंशासाठी तपासले? किती दोषी निघाले? पुढे काय कारवाई झाली? प्रत्येक वस्तीने हे तीन प्रश्न आपापल्या जिल्ह्यात विचारावेत, अशी आमची विनंती आहे. शंभर वस्त्यांतून शंभर अर्ज गेले तर टेबलावरच्या फायली हलतात. हे आम्ही कारकून म्हणून अनुभवाने सांगतो.

मागच्या बैठकीला त्या मावशी आल्या होत्या. आम्ही त्यांना म्हणालो, "मावशी, पालकच खाऊ घाला. चांगला धुऊन, मिठाच्या पाण्यात ठेवून घाला. पण आजपासून त्या बाटलीला औषध म्हणू नका." मावशी म्हणाल्या, "मग काय म्हणू?" आम्ही म्हणालो, "विष म्हणा." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मालकाला म्हणते, दादा, इख मारलं का आज? तर मंग आम्ही उद्या येत नाही, परवा येतो."

त्या अर्जावर पहिली सही त्यांनीच केली. सही करायला त्या गेल्याच वर्षी, मंडळाच्या रात्रीच्या वर्गात शिकल्या आहेत. आमचा भाचा आता पॉलिहाऊसवर जात नाही. अर्ज त्याच्याच हस्ताक्षरात आहे.